हिमनदीवर दगडमातीचा थर असेल तर बर्फ लवकर वितळतो की उशिरा?

दोन्ही शक्य आहे, थर किती जाड आहे त्यावर ते ठरतं. नुसती धूळ किंवा बारीक खडी पसरली असेल तर काळपट पृष्ठभाग जास्त ऊन शोषतो आणि उघड्या बर्फापेक्षा तो बर्फ भरभर वितळतो. थर काही सेंटीमीटरच्या पुढे गेला की उलटं होतं: भुशात ठेवलेल्या लादीसारखा बर्फ खाली टिकून राहतो. हिमनद्यांचे अभ्यासक गुन्नार ऑस्त्रेम यांनी १९५९ मध्ये हा संबंध मोजमापांनिशी मांडला.

पण म्हणून दगडांखालची हिमनदी सुरक्षित आहे असं कृपया समजू नका. गंगोत्री हिमनदीचा खालचा भाग दगडमातीने झाकलेला आहे, तरी गोमुख, म्हणजे तिचं टोक, मागे सरकतंच आहे. नेपाळमधल्या खुंबू आणि न्गोझुम्पा हिमनद्यांच्या खालच्या भागात थर टोकाशी सर्वांत जाड असतो, त्यामुळे वितळण्याचा जोर टोकाऐवजी जरा वरच्या बाजूला पडतो. तिथला बर्फ पातळ होतो, उतार मंदावतो, प्रवाह जवळजवळ थांबतो. मग पृष्ठभागावर तळी साचतात आणि बर्फाचे उघडे कडे तयार होतात. हे कडे आणि तळी क्षेत्रफळाने लहान, पण वितळण्यात त्यांचा वाटा फार मोठा. उपग्रहांच्या मोजणीत हिमालयात बऱ्याच ठिकाणी झाकलेला आणि उघडा बर्फ जवळपास सारख्याच वेगाने पातळ होताना दिसतो, त्याचं एक कारण हेच.

त्यामुळे अशा हिमनदीचं टोक जागेवर आहे एवढ्यावर विसंबू नका. बर्फाची जाडी किती घटली ते बघा.