खिशातला चाकू : पाते, सांधा आणि कोल्हापूरचा पावसाळा

प्रश्न : महोदय, माझ्या वडिलांच्या बंडीच्या खिशात पितळी मुठीचा एक मिटता चाकू कायम असे आणि ऊस सोलण्यापासून गुलाबाला डोळा भरण्यापर्यंत तो सगळ्या कामांना पुरत असे. अलीकडे मी दोन चाकू घेतले. एक जाडजूड, खटक्याचा आणि काळ्या पात्याचा आहे. दुसऱ्यात बरीच हत्यारे आहेत. दोन्हींनी पेरूची साधी फोड नीट निघत नाही. चांगला चाकू ओळखावा कसा, आणि आपण स्वतः कोणता वापरता?
— एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या वडिलांचा चाकू मी पाहिलेला नाही, तरी त्याचे पाते पातळ असावे असा माझा कयास आहे. चाकू घेताना आपण धार पाहतो, पोलादाचे नाव विचारतो, मूठ हातात तोलतो. पण धारेच्या लगेच वर पाते किती जाड आहे, हे बहुधा कोणी पाहत नाही. धारेचे काम फक्त काप सुरू करण्याचे असते. त्यानंतर सगळे पाते त्या फळातून पार जावे लागते, आणि ते जाड असेल तर पाचरीसारखे वागते : पेरू कापला जाण्याऐवजी मध्येच तडकतो. आपल्या काळ्या चाकूचे नेमके हेच होत असणार. दुकानात पाते डोळ्यांसमोर आडवे धरून पाहावे. पाठीकडे दोन मिलिमीटरच्या आसपास जाडी असून ती धारेकडे एकसारखी उतरत गेलेली असेल, तर तो चाकू उसाच्या कांड्यावरही सहज चालेल. तीन-चार मिलिमीटर जाडीची पाती दिसायला भक्कम असली, तरी खिशातल्या चाकूकडून आपण जी कामे घेतो त्यांना ती मारक ठरतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोलादाचा विचार त्यानंतर करावा. साधे कार्बन पोलाद लवकर पाजळते आणि धारही छान घेते, पण ते गंजते. स्टेनलेस पोलादात क्रोमियम साधारण तेरा टक्के किंवा त्याहून अधिक असते. ते गंजाला दाद देत नाही, मात्र त्याचे काही कठीण प्रकार घरच्या दगडावर पाजळताना हात भरून येतात. शिवाजी उद्यमनगरात हीट ट्रीटमेंटचे, म्हणजे पोलाद तापवून-थंड करून कठीण करण्याचे, काम करणाऱ्या वाचकांना रॉकवेल कठीणपणाचा आकडा परिचित असेल; तो जितका मोठा, तितके पोलाद कठीण. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स चाकूंची पाती सुमारे 56 वर ठेवलेली असतात. हा आकडा कमी आहे अशी तक्रार हौशी मंडळी करतात. मला मात्र तो शहाणपणाचा वाटतो, कारण असे पाते बोथट झाले तरी निसण्यावर पाच मिनिटांत पुन्हा उभे राहते आणि आडवातिडवा जोर पडला तर टवका उडण्याऐवजी किंचित वाकते.

सांधा तपासायला वेळ द्यावा. चाकू उघडून पाते चिमटीत धरावे आणि डावी-उजवीकडे हलवून पाहावे; नव्या चाकूत तिथे खेळ असेल, तर वापराने तो वाढतच जातो. चाकू मिटल्यावर पात्याचे टोक मुठीच्या कडेवर डोकावता कामा नये, नाहीतर खिसा आणि बोट दोन्ही फाटतील. जुन्या पद्धतीच्या चाकूत पाते केवळ पाठीच्या स्प्रिंगच्या दाबाने उघडे राहते, त्यामुळे टोकाने भोक पाडण्याच्या प्रयत्नात ते बोटांवर मिटू शकते. खटका असलेल्या चाकूत ही भीती कमी असते. तरीही टोचण्याचे काम चाकूकडून न घेता दाभणाकडून घ्यावे.

माझ्या आवडीचे म्हणाल तर दोन चाकू आहेत, आणि ते ऋतूप्रमाणे बदलतात. दिवाळीपासून वैशाखापर्यंत माझ्या खिशात ओपिनेलचा आठ क्रमांकाचा, कार्बन पोलादाचा चाकू असतो. फ्रान्सच्या सावोय या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये शेतकऱ्यांसाठी घडवलेला हा चाकू आजही जवळजवळ त्याच रूपात मिळतो : बीच लाकडाची गोल मूठ, साडेआठ सेंटिमीटरचे पातळ पाते आणि 1955 मध्ये जोडले गेलेले, पाते जागच्या जागी अडकवणारे पोलादी कडे. हंगामात गुऱ्हाळावर गेलो की ऊस सोलायला मी हाच काढतो. उसाच्या रसाने आणि लिंबाने पात्यावर निळसर-काळसर छटा चढते. तो गंज नव्हे. उलट ती छटा खऱ्या, तांबड्या गंजाला थोडीफार आवरते, म्हणून ती घासून काढू नये. सांध्यात गूळ किंवा रस गेला असेल तर गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून तेलाचा एक थेंब सोडावा. शेंगदाण्याचे तेल कालांतराने चिकट होते. त्याऐवजी औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन वापरावे.

आषाढात मात्र या चाकूची लाकडी मूठ हवेतल्या ओलाव्याने फुगते आणि पाते आत घट्ट बसते. गगनबावड्याच्या एका पावसाळी सहलीत माझा चाकू नखाने उघडेनासाच झाला होता. सावोयचे लोक अशा वेळी कडे मोकळे करून मुठीचा मागचा भाग टेबलावर हलकेच आपटतात. त्या धक्क्याने पाते किंचित बाहेर येते आणि बोटांनी धरता येते. युक्ती उत्तम आहे, पण चार महिने रोज ती करण्यापेक्षा मी पावसाळ्यात अॅल्युमिनियमच्या मुठीचा व्हिक्टोरिनॉक्स जवळ बाळगतो. त्यात फुगण्यासारखे काही नाही आणि पाते स्टेनलेस आहे. व्हिक्टोरिनॉक्सचे संस्थापक कार्ल एल्सेनर यांनी 1891 मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले, त्यांत पाते, टोच्या, डबा फोडायचे हत्यार आणि पेचकस एवढेच होते. त्याहून फार अधिक हत्यारे खिशात लागतात असे मला आजवर वाटलेले नाही. आपला दुसरा चाकू बहुधा केवळ बोथट असेल. त्याला एकदा नीट धार लावावी आणि मगच निकाल द्यावा.

प्रश्न : उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडून जुन्या पॉवर हॅक्सॉच्या (धातू कापायच्या यांत्रिक करवतीच्या) पात्याचा चाकू करून घेतला. धार महिनोन् महिने टिकते, पण तिचे बारीक टवके उडतात. पोलाद खराब आहे का?
— एक टर्नर, कोल्हापूर

उत्तर : पोलाद खराब नाही, उलट फार कठीण आहे. अशी पाती हायस्पीड पोलादाची, म्हणजे तापले तरी कठीण राहणाऱ्या पोलादाची, असतात आणि त्यांचा रॉकवेल कठीणपणा साठच्या वर असतो. धातू कापण्यासाठी तो हवाच असतो. पण चाकूची धार कागदासारखी पातळ केली आणि नारळाच्या करवंटीवर किंवा हाडावर ती पिळली, की वाकण्याऐवजी तिचा कण तुटतो. धारेचा कोन थोडा वाढवावा, प्रत्येक बाजूने वीस-बावीस अंश ठेवावा, म्हणजे टवके बहुतांशी थांबतील.

या पोलादाचा एक गुण सांगण्यासारखा आहे. ग्राइंडरवर तापून ते निळे पडले तरी सहसा नरमत नाही, कारण त्याचे टेम्परिंगच, म्हणजे कठीण केल्यावर ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा तापवणे, साडेपाचशे अंशांच्या आसपास झालेले असते. साध्या कार्बन पोलादाचे तसे नाही. ते सुमारे तीनशे अंशांना निळे पडते आणि तिथले पाणी उतरते. मग कितीही पाजळा, धार राहत नाही. सायकलच्या चाकावर धार लावून देणाऱ्याकडे चांगला चाकू द्यावा, पण पाते वारंवार पाण्यात बुडवण्याची विनंती आवर्जून करावी. आणखी एक खबरदारी : बायमेटल पात्यात फक्त दातांची कड हायस्पीड पोलादाची असते. दात घासून टाकले, तर हाती उरते ते नरम पोलाद, म्हणून तसे पाते चाकूसाठी निवडू नये.

प्रश्न : असा चाकू खिशात ठेवणे कायद्याने चालते का? विमानाने जाताना काय करावे?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : शस्त्र नियमांमध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे येतात, आणि घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली अवजारे त्यांतून वगळलेली आहेत. खिशातला लहान चाकू या मापाच्या बराच आत असतो. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली जिल्ह्यात बंदी आदेश लागू असेल, तर त्या काळात चाकू जवळ बाळगण्यासही मनाई होऊ शकते. सण, मिरवणुका आणि निवडणुकांच्या दिवसांत असे आदेश निघतात, तेव्हा चाकू घरी ठेवावा. उजळाईवाडीच्या विमानतळावरून जाताना तो हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत, म्हणून नीट गुंडाळून विमान कंपनीच्या ताब्यात द्यायच्या सामानात ठेवावा, आणि ही आठवण घरून निघण्यापूर्वीच ठेवावी, कारण सुरक्षा तपासणीत काढून घेतलेला चाकू सहसा परत मिळत नाही.