लाल-निळा चष्मा अन उपडं संत्रं

प्रश्न: सर, मी नागपूरला सक्करदऱ्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना लाल-निळे चष्मे लावून थ्रीडी चित्रं दाखवली, पोरं जाम खुश, पण एकानं विचारलं की मॅडम चित्रातला तो खड्डा किती खोल आहे ते मोजता येईल का? शाळेत थ्रीडी स्कॅनरचं (वस्तूची उंची-खोली मोजणारं मशीन) कोटेशन आलंय, आकडा बघून मुख्याध्यापक गप्प झाले. मशीनशिवाय जमेल का?

उत्तर: मॅडम, त्या पोराला आधी शाबासकी द्या. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटीमीटर अंतर असतं म्हणून दोघांना जरा वेगळं दिसतं आणि मेंदू ते जुळवून खोली उभी करतो, चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं हे १८३८ मध्येच आरशांचा स्टिरिओस्कोप (दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवणारं यंत्र) करून दाखवलं होतं. पण मेंदू नुसतं 'खोल आहे' म्हणतो, मिलिमीटर काही सांगत नाही. मोजायचंय ना, मग एका डोळ्याच्या जागी मोबाईल ठेवा अन दुसऱ्याच्या जागी शाळेतला प्रोजेक्टर.

टेबलावर पांढरा कागद, मोबाईल वरून सरळ खाली बघणारा, प्रोजेक्टर बाजूनं ४५ अंशात, स्लाइडवर काळ्या-पांढऱ्या बारीक पट्ट्या. कागदावर त्या सरळ दिसतात. आता अर्धं कापलेलं संत्रं उपडं ठेवा, पट्ट्या लगेच वाकतात. ४५ चा टॅन १, म्हणजे पट्टी ६ मिलिमीटर सरकली तर तिथली उंचीही ६ मिलिमीटर, दहावीची ट्रिगनॉमेट्री अशी कामाला येते बघा! फक्त प्रोजेक्टरचा उजेड पसरत जातो, कोन सगळीकडे तोच राहत नाही, म्हणून आधी त्याच जागी खोडरबर ठेवून पट्टी किती सरकते ते बघा आणि खोडरबराच्या उंचीशी ताडून घ्या.

पट्ट्या खूप सरकल्या की कुठली कुठली ते कळेनासं होतं, मधली एक लाल करा, तिच्यापासून मोजत जायचं. पलीकडच्या बाजूला सावली पडेल, तिथं माप मिळणारच नाही, संत्रं फिरवून दुसरा फोटो घ्या (बरीच महागडी मशीनंही वस्तू फिरवूनच स्कॅन करतात).

खिडक्या मात्र बंद, आपल्या इथल्या दुपारच्या उजेडात पट्ट्या दिसतच नाहीत. आणि चकचकीत वस्तू नको, मी हौसेनं स्टीलची वाटी ठेवली होती तर फोटोत नुसती चमक आली, शेवटी घरातली टाल्कम पावडर फासली तेव्हा कुठे पट्ट्या दिसल्या.