तंत्रज्ञान वापरून मिशनच्या खासगी शाळांची फी गरिबाला परवडेल अशी ठेवता येईल का?

येईल. पण दर लेकरामागे कंपनीला भाडं भरायचं असलेल्या तंत्रज्ञानाने नाही. त्याने फी वाढतेच.

जालना जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, इंग्रजी शाळेचा मी खजिनदार होतो. पालक म्हणजे स्टीलच्या कारखान्यातले रोजंदार, मोंढ्यातले हमाल, कोरडवाहू शेतकरी. एका कंपनीचा माणूस आला आणि सचिवांना स्मार्ट बोर्ड दाखवून गेला. बोर्ड बसवून देणार फुकट, पण दर विद्यार्थ्यामागे वर्षाचं भाडं, तेही पाच वर्षांच्या कराराने. मी बैठकीत विचारलं, हे पैसे कोण भरणार? सचिव म्हणाले, "बोर्ड नसला तर पालक लेकरं दुसरीकडं घालतील." फी वाढली आणि लेकरं गेली ती फीपायीच, हमालांची सगळ्यांत आधी. दाखला न्यायला आलेली एक आई म्हणाली, "सर, इथली शिस्त, प्रार्थना, सगळं आवडतं, पण एवढं झेपत नाही." तिची मुलगी सहावीत होती, वर्गात पहिली यायची. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. करार संपल्यावर कंपनीचे धडे उघडेनात, बोर्ड नुसता टीव्ही उरला.

मग मी म्हणत होतो ते केलं. एका ऑफिसने काढून टाकलेले संगणक स्वस्तात आणले, त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली. कोलिब्री नावाचं मोफत सॉफ्टवेअर एका संगणकावर ठेवलं की धडे एकदाच उतरवायचे. बाकीचे संगणक शाळेतल्या वायफायवरून ते उघडतात, इंटरनेट लागत नाही. विज्ञानाला फेटची (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, आणि गणिताला आकृत्या-आलेख काढायचं जिओजेब्रा, दोन्ही मोफत. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. लाइट जाते म्हणून इन्व्हर्टर मात्र घ्यावाच लागला. फी यूपीआयने हप्त्याहप्त्याने घ्यायला लागलो, कारण कापूस-सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या पुढेमागे हातात येतो आणि शाळा फी मागते जूनमध्ये. थकबाकी कमी झाली ती यामुळे.

व्हिडिओ लावून दोन वर्ग एका बाईंवर सोपवा, असंही कमिटीत कुणीतरी सुचवलं होतं. मी कडाडून विरोध केला. मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं तेव्हापासून या भागात मिशनच्या शाळेला लोकांनी मानलं ते माणसांमुळे. काटकसर ऑफिसात करा, सॉफ्टवेअरच्या परवान्यांत करा, शिक्षकाच्या पगारात नको.

एक मात्र आहे, मराठीतलं साहित्य इंग्रजीच्या मानाने कमी आहे आणि संगणक सांभाळायला आवड असलेला एक तरी शिक्षक लागतो. तो बदलून गेला की खोली कुलूपबंद. शिवाय सुप्रीम कोर्टाच्या २०१४च्या प्रमती निकालानंतर आमच्यासारख्या अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागांची सक्ती नाही, म्हणजे त्या जागांचे सरकारी पैसेही नाहीत. गरिबाची सवलत शाळेलाच उभी करायची असते. ती नुसत्या संगणकांतून निघणार नाही, मंडळीला हात सैल करावा लागेल.

तुमची कमिटी असा करार करणार असेल, तर विषय आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत आणा. महाराष्ट्राच्या २०११च्या शुल्क कायद्यात फीला त्या समितीची मान्यता लागते. आमच्याकडे ती बैठक करारावर सही झाल्यावर बोलावली होती.