बाटलीला मोजा घाल

अगं,

रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी पाठवलेला तुझा फोटो सकाळी पाहिला. पंपाची बाटली, ४० मिलीच्या रेघेला जेमतेम टेकलेलं दूध आणि खाली, 'ताई, वीस मिनिटांत एवढंच आलं.' मग दुसरा मेसेज: पुढच्या महिन्यात पेपर आहे, जाऊन-येऊन पाच तास, आत्तापासूनच वरचं दूध सुरू करू का? आणि तिसरा: 'रडू आलं, ओतून टाकलं.'

ओतून टाकलंस. बरं.

रडलीस त्याबद्दल मी काही बोलणार नाही. दोन महिन्यांच्या बाळाची आई रात्री तीनला रडते यात नवल काही नाही. पण ओतण्याबद्दल बोलणार आहे, कारण बाटलीवरून दूध मोजायच्या त्या चुकीवर माझा हक्क तुझ्याआधीचा आहे.

आधी हिशेब. अडीचला बाळ दोन्ही बाजूंना प्यायलं, असं तूच लिहिलंस. मग तीनला पंपाच्या वाट्याला आलं ते त्याचं उरलंसुरलं. जी बाई दिवसभर अंगावर पाजते आणि मधेच कधीतरी पंप लावते, तिला दोन्ही बाजू मिळून १५ ते ६० मिली येतं. सर्रास. तुझे ४० त्यात चांगलेच म्हणायचे. काठोकाठ भरलेल्या बाटल्यांचे जे फोटो तू बघत बसतेस, त्यामागे पुष्कळदा एक चुकवलेलं पाजणं असतं, नाहीतर ती बाई फक्त पंपच करत असते आणि तिचं शरीर त्याला सरावलेलं असतं. तिची बाटली आणि तुझी बाटली शेजारी ठेवायचं कारणच नाही.

बाटली हे तुझ्या दुधाचं माप नाही. बाळ हे माप आहे. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळलीस तरी वाच.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. थोरल्याच्या वेळी माझ्याकडे एक वही होती. तारीख, वेळ, डावी, उजवी, मिली. डावीकडे १०, उजवीकडे २५. डाव्या बाजूचा मी चक्क राग धरला होता, कामचुकार माणसाचा धरावा तसा. दोन्ही बाजूंना सारखं दूध येत नाही, हे बहुतेकींचं असंच असतं, हे फार उशिरा कळलं. वहीतले आकडे बघून मी ठरवलं की दूध पुरत नाही. मग संध्याकाळी एक बाटली वरचं दूध. ते पिऊन तो जास्त वेळ झोपायचा, तेवढा वेळ अंगावर ओढणारं कोणी नाही, आणि ज्या दुधाला गिऱ्हाईक नाही ते शरीर बनवेल कशाला? आठवड्याभरात आकडे आणखी उतरले. मी म्हटलं, बघा, मी म्हणत होतेच! मग दुसरी बाटली. साडेतीन महिन्यांत त्याचं अंगावरचं सुटलं.

त्या सगळ्या काळात त्याचं वजन नीट वाढत होतं. दिवसाला सहा-सात लंगोट ओले व्हायचे. ते वहीत कुठेच नाही, कारण मी त्यासाठी रकानाच आखला नव्हता. ती वही अजून आहे माझ्याकडे. का ठेवली आहे ते विचारू नकोस.

तेव्हा तू मला रेघा दाखवू नकोस. मागच्या तपासणीत वजन वाढलं होतं ना? दिवसाला सहा किंवा जास्त डायपर ओले होतात ना? पिताना गिळल्याचा आवाज येतो ना? मग माप झालं. वजन अडलं असतं किंवा शू कमी झाली असती तर मी पत्र लिहीत बसले नसते, तुला आजच्या आज डॉक्टरकडे पिटाळलं असतं. आणि छाती पूर्वीसारखी तटतटत नाही, मऊ लागते, हेही तू घाबरून लिहिलं आहेस. दीड-दोन महिन्यांत शरीराला बाळाच्या भुकेचा अंदाज येतो आणि ते उगीच साठा करायचं थांबवतं. दूध आटल्याची ती खूण नव्हे.

तुला आकड्यांशिवाय चैन पडत नाही हे मला माहीत आहे. मग बाळाचे आकडे घे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ७१ आयांचा अभ्यास केला; बाळं एक ते सहा महिन्यांची, निव्वळ अंगावर पिणारी. प्रत्येक पाजण्याच्या आधी आणि नंतर वजन करून चोवीस तासांत किती दूध झालं त्याचा हिशेब केला. हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. सरासरी आली ७८८ ग्रॅम. पण कुणाचं ४७८ आणि कुणाचं १३५६! यातलं मला सगळ्यात आवडलेलं सांगू? बाळं एका वेळी, छातीत होतं त्यातलं सरासरी ६७ टक्केच दूध प्यायली. बाकीचं तसंच ठेवून तोंड फिरवलं. पोट भरलं की बाळ थांबतं, भांडं घासूनपुसून रिकामं करायची हौस आपलीच.

आता तुझा पेपर. दिवसाचं साधारण ७५० मिली धर, म्हणजे तासाला तीसेक. पाच तासांचे १५०. निघताना पाजून निघशील, आल्याआल्या पाजशील, तरी हाताशी थोडं जास्त असावं म्हणून २०० धर. पहिल्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत ही गरज फारशी बदलत नाही, त्यामुळे महिन्याभरानेही हाच हिशेब लागू. २०० मिली म्हणजे पाच सकाळी ४०-४०. जे तू रडत ओतलंस तो पेपरच्या दिवसाच्या दुधाचा पाचवा हिस्सा होता. कळलं, मला राग का आला?

पंप दिवसातून एकदा लाव. सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर अर्ध्या-एक तासाने, आणि पुढच्या पाजण्याआधी तासभर सुटेल असा. रात्री आणि पहाटे प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला लावणारं संप्रेरक, जास्त असतं, त्यामुळे सकाळी दूध हाताला लागतं. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. संध्याकाळी पंपाला हात लावायचा नाही. बाळ संध्याकाळी दर अर्ध्या तासाने अंगावर मागतं म्हणून तू काळजीत आहेस, आणि त्याच मेसेजमध्ये लिहितेस की सहाला पंप केला. अगं, त्याच्या तोंडचं तूच काढून घेतेस आणि मग ते किरकिर का करतं म्हणून मला विचारतेस!

पंपाच्या फनेलचं माप एकदा नीट बघ. सोबत आलेलं असतं ते सगळ्यांना बसत नाही. स्तनाग्र कडेला घासत असेल किंवा भोवतालचा काळा भाग खूपसा आत ओढला जात असेल तर ते माप तुझं नाही. दुखलं तर थांबायचं, जोर वाढवायचा नाही. आणि यंत्राच्या घरघरीने पान्हा फुटत नाही. बाळाचं अंगातून काढलेलं झबलं मांडीवर घे, वासाने फरक पडतो. पंप चालू असताना हाताने हलकं दाबत राहा.

एकदाच का, दोनदा-तीनदा का नाही? कारण धाकटीच्या वेळी मी सूड उगवला. थोरल्याच्या वेळी कमी पडलं ना, आता दाखवतेच. दर पाजण्यानंतर पंप. फ्रीझरचा खण तारखा घातलेल्या पिशव्यांनी भरला. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो खण उघडून दाखवत असे, खोटं कशाला बोलू. शरीराला वाटलं जुळी आहेत, ते दोघांचं बनवायला लागलं. धाकटीला दुधाची धार झेपेना, ती ठसकायची आणि रडून सोडून द्यायची. मग एकदा प्रवासात दिवसभर पंप झाला नाही. संध्याकाळी उजवीकडे लिंबाएवढी गाठ, रात्री ताप, थंडी वाजून दात वाजायला लागले. तेव्हाच्या सल्ल्याप्रमाणे मी गरम पाण्याने शेकलं, गाठ मुठीने रगडली, चामडी काळीनिळी झाली, आणि वर 'रिकामं' करायला आणखी पंप. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संघटनेची २०२२ची मार्गदर्शिका नेमकं याच्या उलट सांगते: थंड शेक, हलका हात, जोराने रगडायचं नाही, आणि बाळाला लागतं त्याहून जास्त काढायचं नाही. वाचून मला एकीकडे बरं वाटलं, दुसरीकडे संताप आला.

त्यानंतर पंप माळ्यावर गेला. धाकटी वर्षाची होईपर्यंत मी दोन तासांच्या वर तिला सोडून कुठे गेले नाही. माझ्या बहिणीचं ऑपरेशन होतं, तिने एक रात्र थांब म्हटलं होतं. मी दीड तासात परतले. तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण ती विसरलेली नाही, मीही नाही. माझं चुकलं का? दोनदा पोळलेल्या बाईने तिसऱ्यांदा हात पुढे करावा असं कुणी म्हणत असेल तर म्हणो. धाकटी अंगावरच वाढली आणि मला त्याचं समाधान आहे. तरीही, माळ्यावरच्या त्या पंपाने दोन दिवसांत १०० मिली काढलं असतं तर ती रात्र मी बहिणीजवळ काढली असती, निदान अर्धी तरी. हे मी तुलाच सांगते आहे. म्हणून तुला मी पंप टाकून दे म्हणत नाही. पाहुण्यासारखा ठेव. कामापुरता आला, गेला.

साठवणीचं झटपट सांगते. बाहेर, २५ अंशांपर्यंत, चार तास. फ्रीजमध्ये चार दिवस, दाराच्या कप्प्यात ठेवू नकोस, आत मागच्या बाजूला ठेव. पेपर चार दिवसांहून लांब असेल तर काढल्याकाढल्याच फ्रीझरमध्ये, तिथे सहा महिने उत्तम राहतं. ताजं कोमट दूध आदल्या दिवशीच्या थंड दुधात ओतायचं नाही; आधी गार कर, मग एकत्र कर, आणि तारीख जुन्या दुधाची धर. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून कोमट करायचं, मायक्रोवेव्ह नको, त्यात मधेच चटका बसेल असं गरम होतं. वर साय दिसली तर घाबरू नकोस, बाटली गोल फिरवली की मिसळते. बाळाने तोंड लावलेलं दूध दोन तासांत संपवायचं.

बाटली तू देऊ नकोस. आई समोर असताना बाळ बाटलीला का तोंड लावेल? बाबाला देऊ दे, पेपरच्या आठवडाभर आधी एकदा करून बघा. बाळाला जरा उभं धरायचं, बाटली आडवी, हळू गळणारं निप्पल, मधेमधे थांबायचं. गटागटा पाच मिनिटांत संपवलं की मग घरात चर्चा सुरू होते, बघा किती भूक होती, हिचं पुरत नव्हतं. पुन्हा तेच, बाटलीवरून मोजणं. त्या चर्चेत तू पडूच नकोस, ओले डायपर मोज आणि गप्प बस.

आणि उद्यापासून पंप लावलास की बाटलीवर बाळाचा पायमोजा चढव. खरंच सांगते, गंमत नाही. रेघा दिसल्या की डोळे तिथेच खिळतात, खांदे ताठ होतात, आणि ताणात पान्हा अडतो, मग रेघ आणखीच हलत नाही. बाळाकडे बघ, भिंतीकडे बघ. पंधरा मिनिटांनी मोजा काढ, तारीख घाल, फ्रीजमध्ये सार. मोजायचं नाही, मोजा घालायचा.

पेपरच्या दिवशी पाच तासांत छाती दाटून येईल. मधे एकदा हाताने काढ, मोकळं वाटेल एवढंच: अंगठा वर, बोटं खाली, आधी छातीकडे मागे दाबायचं, मग पिळल्यासारखं पुढे, मग सोडायचं. घरी दोन-चारदा करून बघ. सोबत स्वच्छ बाटली आणि थंड पिशवी असेल तर ते दूध घरी आण. नसेल तर सरळ बेसिनमध्ये सोड. तेवढं ओतलंस तर मी काही म्हणणार नाही.

तुझी,
ताई