इंटरनेट दोन्हीकडे चालतं, तरी घरातले दोन कॉम्प्युटर एकमेकांना दिसत नाहीत

तुमची मांडणी मला समजली ती अशी. हॉलमध्ये फायबर कंपनीने बसवलेला डबा आहे आणि विंडोज १० चा डेस्कटॉप त्याला वायरने जोडलेला आहे. आतल्या खोलीत रेंज येत नव्हती म्हणून तुम्ही तिथे स्वतःचा वायफाय राउटर लावला आणि विंडोज ११ चा लॅपटॉप त्यावर चालतो. इंटरनेट दोन्हीकडे व्यवस्थित आहे, पण फाइल एक्सप्लोररच्या ‘नेटवर्क’मध्ये दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. फायरवॉल बंद केली, एसएमबी १ (विंडोजचा फाइल शेअर करण्याचा जुना प्रोटोकॉल) चालू केलं, काही फरक पडला नाही.

आधी त्या दोन्ही गोष्टी पूर्ववत करा. फायरवॉल दोन मिनिटं बंद करून बघणं ही चाचणी म्हणून ठीक, पण तशीच ठेवायची नाही. ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये जाऊन एसएमबी १ ची खूणही काढा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला तो याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या भोकातून, आणि विंडोज १० च्या त्याच वर्षीच्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट तो विंडोजमधून टप्प्याटप्प्याने काढत आली आहे. जुन्या लेखांमध्ये तो चालू करायला सांगतात, कारण पूर्वी ‘नेटवर्क’मधली यादी कॉम्प्युटर ब्राउझर नावाच्या सर्व्हिसवर चालायची आणि ती सर्व्हिस एसएमबी १ वर अवलंबून होती. तुमची दोन्ही मशीन आपसात एसएमबी ३ बोलतात, त्यांना त्याची गरज नाही. होमग्रुपही (घरातली मशीन जोडायची विंडोजची जुनी सोय) शोधत बसू नका, विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीत तो काढून टाकला.

यादीत नाव दिसणं आणि प्रत्यक्ष फोल्डर उघडणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती वेगवेगळ्या वाटांनी होतात. यादी भरते ती ‘मी इथे आहे’ अशा घरभर पाठवलेल्या हाकांवर, यूडीपी पोर्ट ३७०२ वरून. फोल्डर उघडतो तो टीसीपी पोर्ट ४४५ वरून. त्यामुळे यादी रिकामी असतानाही फोल्डर उघडू शकतो, आणि यादीत नाव असूनही आत जाता येत नाही असंही होतं. म्हणून यादीचा नाद तूर्त सोडा आणि तपासणी तळापासून वर करत या.

दोन्ही मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग चालवा (कमांड आणि आकडे अर्थातच इंग्रजी लिपीत टाइप करायचे). तीनच ओळी बघायच्या आहेत: आयपीव्ही४ अॅड्रेस (मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता), सबनेट मास्क आणि डिफॉल्ट गेटवे (ज्या राउटरमधून मशीन बाहेर जातं त्याचा पत्ता). व्हर्च्युअलबॉक्स किंवा हायपर-व्ही (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारी सॉफ्टवेअर) असेल तर त्यांचीही अॅडॉप्टर यादीत येतात, ती सोडून द्या. ज्या अॅडॉप्टरसमोर गेटवे भरलेला आहे तेच तुमचं खरं कनेक्शन. एखादा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या मशीनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, म्हणजे वायर किंवा वायफायचा प्रश्न आहे. तो सुटेपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही.

तुमच्या मांडणीत डेस्कटॉपवर १९२.१६८.१.२३ आणि गेटवे १९२.१६८.१.१, तर लॅपटॉपवर १९२.१६८.०.१०४ आणि गेटवे १९२.१६८.०.१ अशा धर्तीचं काहीतरी निघेल असा माझा अंदाज आहे. गेटवे वेगळे निघाले की निदान झालंच. घरात एक नव्हे, दोन नेटवर्क आहेत. फायबरच्या डब्यातून आलेली वायर तुम्ही आतल्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे वेगळ्या रंगाच्या किंवा ‘इंटरनेट’ लिहिलेल्या भोकात लावली आहे. मग तो राउटर आपल्यामागे स्वतंत्र नेटवर्क उभं करतो. बाहेर जाणारी रहदारी दोन्ही डब्यांतून सरळ निघून जाते, म्हणून इंटरनेटला काही धक्का लागत नाही. ओळख पटवणाऱ्या हाका मात्र राउटर ओलांडत नाहीत.

या दोषाची एक हमखास खूण आहे. लॅपटॉपवरून डेस्कटॉपचा आयपी टाकला तर फोल्डर कधीकधी उघडतो, उलट दिशेने मात्र काहीच होत नाही. कारण आतला राउटर लॅपटॉपची विनंती स्वतःच्या नावाने बाहेर नेतो आणि उत्तर परत आणून देतो. डेस्कटॉपने ०.१०४ ला हाक मारली तर फायबरच्या डब्याला तो पत्ता कुठे आहे हेच ठाऊक नसतं. एकतर्फी चालतंय म्हणून लोक विंडोजच्या सेटिंग्ज उलट्यापालट्या करत राहतात आणि दोष वायरच्या टोकाशी असतो.

गेटवे दोन्हीकडे अक्षरशः सारखाच, १९२.१६८.१.१, दिसला तरी लगेच निश्चिंत होऊ नका. दोन्ही डबे कारखान्यातून तोच पत्ता घेऊन येऊ शकतात. दोन्ही मशीनवर ‘एआरपी, स्पेस, मायनस ए’ ही कमांड चालवून १९२.१६८.१.१ समोरचा बारा अक्षरांचा मॅक अॅड्रेस (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) ताडून बघा. तो वेगळा असेल तर डबे दोन आहेत.

उपाय असा की आतल्या राउटरने राउटरगिरी सोडून नुसता अॅक्सेस पॉइंट, म्हणजे त्याच नेटवर्कचं वायफाय पसरवणारा डबा, व्हायचं. बऱ्याच राउटरच्या मेनूत ‘ऑपरेशन मोड’मध्ये ‘अॅक्सेस पॉइंट’ असा पर्याय असतो. असेल तर तो निवडा, राउटर रीस्टार्ट होईल आणि काम झालं. नसेल तर हाताने करावं लागतं, आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे. सर्वांत आधी वॅन पोर्टमधली वायर काढा. ती तशीच ठेवून लॅनचा (राउटरच्या घरातल्या बाजूचा) पत्ता १९२.१६८.१ मालिकेतला केला तर दोन्ही बाजू एकाच मालिकेत आल्याचं पाहून काही राउटर स्वतःच पत्ता पुन्हा बदलून टाकतात. मग लॅपटॉप छोट्या वायरने राउटरच्या लॅन पोर्टला जोडा, सेटिंग्जमध्ये लॅन आयपी १९२.१६८.१.२ करा (फायबरचा डबा ज्या पट्ट्यातून पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा आकडा निवडा, म्हणजे टक्कर होणार नाही), नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी सर्व्हर (मशीनना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, आणि शेवटी हॉलमधून आलेली वायर वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये लावा. डीएचसीपी बंद करायचं राहिलं तर घरात पत्ते वाटणारे दोघं होतात, आणि कधी चालतं कधी नाही असा त्रास सुरू होतो. तो शोधणं फार जिकिरीचं. लॅपटॉप वायफायवर परत आला की आयपीकॉन्फिग पुन्हा बघा: पत्ता १९२.१६८.१ ने सुरू आणि गेटवे दोन्हीकडे एकच.

आता पिंग, म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघणारी कमांड. डेस्कटॉपवरून लॅपटॉपच्या आयपीला पिंग करा. उत्तर आलं नाही तर ‘चालत नाही’ एवढंच म्हणून पुढे जाऊ नका, नेमका मजकूर वाचा. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आणि ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ यांचे अर्थ अगदी वेगळे आहेत. अनरीचेबलच्या ओळीत ‘रिप्लाय फ्रॉम’नंतर तुमच्याच मशीनचा पत्ता असेल, तर हाक समोरच्या मशीनपर्यंत गेलेलीच नाही. टाइम्ड आउट असेल तर लगेच एआरपीची तीच कमांड चालवा. लॅपटॉपच्या आयपीसमोर मॅक अॅड्रेस आला असेल तर वायर, वायफाय, राउटर सगळं ठीक आहे; लॅपटॉपची फायरवॉल उत्तर देत नाहीये इतकंच. या एका तपासणीने पुढची निम्मी धावपळ वाचते.

अनरीचेबल येत असेल तर संशयित राउटरमधलं आयसोलेशन. एपी आयसोलेशन, क्लायंट आयसोलेशन, वायरलेस आयसोलेशन अशा वेगवेगळ्या नावांनी ते मेनूत असतं आणि वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाही. गेस्ट नेटवर्कवर ते बहुधा चालूच असतं, तेव्हा लॅपटॉप चुकून गेस्टच्या नावावर जोडला आहे का तेही बघा. लॅपटॉप थोडा वेळ वायरने जोडला आणि पिंग लागलं, तर शंका पक्की.

फायरवॉलकडे बोट दाखवलं गेलं असेल तर नेटवर्क प्रोफाइल, म्हणजे विंडोज हे नेटवर्क घरचं धरते की परकं, ते तपासा. विंडोज ११ नवं वायफाय ‘पब्लिक’ धरून चालते, आणि राउटर बदलला की जुनं घरचं नेटवर्कही तिला नवंच वाटतं. लॅपटॉपवर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मग चालू नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडून ‘प्रायव्हेट’ निवडा. विंडोज १० वर हेच सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, स्टेटस, प्रॉपर्टीज या वाटेने मिळतं. त्यानंतर ‘अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये प्रायव्हेट प्रोफाइलखाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग दोन्ही चालू करा. दुसऱ्या पर्यायाबरोबर पिंगला उत्तर देण्याचा नियमही उघडतो. पब्लिक प्रोफाइलमध्ये हे दोन्ही बंदच राहू द्या, उद्या हाच लॅपटॉप स्टेशनवरच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर जाणार आहे. वेगळा अँटीव्हायरस टाकला असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते आणि तिच्यातही घरचं नेटवर्क विश्वासू म्हणून वेगळं नोंदवावं लागतं. व्हीपीएन चालू असेल तर तपासणीपुरता बंद करा, काही व्हीपीएन घरातली रहदारी मुद्दाम अडवतात. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर हे नियम बहुधा कंपनीने लावलेले असतात; ते मोडायच्या मागे लागू नका, शेअर डेस्कटॉपवर ठेवा आणि लॅपटॉपवरून तिथे जा.

नेटवर्क डिस्कव्हरी चालू करून सेव्ह केलं आणि परत बघितलं तर पुन्हा बंद, असं होत असेल तर तिच्या मागच्या सर्व्हिस बंद पडलेल्या आहेत. सर्व्हिसेसमध्ये जाऊन फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन, फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट, एसएसडीपी डिस्कव्हरी आणि यूपीएनपी डिव्हाइस होस्ट या चारही बघा, एकही ‘डिसेबल्ड’ नको. स्वतःचं नाव घरभर जाहीर करते ती पहिली सर्व्हिस. ती दोन्ही मशीनवर ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’वर ठेवा आणि स्टार्ट करा. ‘नेटवर्क’ची यादी बहुतेक वेळा यानेच भरते, फक्त एक-दोन मिनिटं थांबावं लागतं. पीसी वेगवान करून देणारी सॉफ्टवेअर या सर्व्हिस बिनकामाच्या समजून बंद करतात, त्यामुळे असलं काही बसवलेलं असेल तर काढून टाका.

आता यादीकडे न बघता लॅपटॉपच्या फाइल एक्सप्लोररमध्ये वरच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश आणि डेस्कटॉपचा आयपी टाकून एंटर दाबा. ८००७००३५ ने संपणारा एरर आला तर बहुधा पोर्ट ४४५ पर्यंत पोहोच नाही, म्हणजे प्रोफाइल आणि फायरवॉलवर परत जा. आयपीने उघडतं पण नावाने नाही, तर फक्त नाव सापडण्याची अडचण आहे. दोन्ही मशीनची नावं वेगळी आणि पंधरा अक्षरांच्या आत आहेत ना ते बघा. नाव आणि पासवर्ड विचारणारी खिडकी आली तर नेटवर्कचं काम संपलं, राहिला तो खात्याचा प्रश्न.

बरेच जण इथेच अडकतात. त्या खिडकीत पिन चालत नाही. पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून पासवर्डच लागतो, आणि तोही डेस्कटॉपवरच्या खात्याचा. डेस्कटॉपच्या खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज असं कोरं खातं नेटवर्कवरून आत घेत नाही. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर पूर्ण ईमेल आणि त्याचा पासवर्ड द्यावा लागतो, आणि वर्षानुवर्षं पिननेच लॉगिन केलं असेल तर तोही कधीकधी नाकारला जातो. मी सरळ असं सुचवेन: डेस्कटॉपवर फक्त शेअरिंगसाठी एक वेगळं लोकल खातं काढा. अकाउंट्समध्ये ‘अदर युजर्स’खाली नवीन व्यक्ती जोडताना ‘मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय’ हा पर्याय घ्या, साधं इंग्रजी नाव द्या, नीट पासवर्ड द्या, अॅडमिन करू नका. खिडकीत युजरनेम टाकताना डेस्कटॉपचं नाव, बॅकस्लॅश, मग खात्याचं नाव असं लिहा.

फोल्डर शेअर करताना परवानग्या दोन जागी द्यायच्या असतात: ‘शेअरिंग’ टॅबमधल्या अॅडव्हान्स्ड शेअरिंगमध्ये आणि ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये. दोन्हींपैकी जी कडक तीच लागू होते. फाइल उघडते पण सेव्ह होत नाही, याचं कारण बहुधा हेच. पूर्ण सी ड्राइव्ह शेअर करू नका, एक फोल्डर पुरे.

आधी चुकीचा पासवर्ड टाकून ‘लक्षात ठेव’ केलं असेल तर लॅपटॉपच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून ती नोंद पुसा, नाहीतर विंडोज जुनाच पासवर्ड पुढे करत राहते. १२१९ क्रमांकाचा एरर आला तर त्याच मशीनशी दुसऱ्या नावाने कनेक्शन उघडं आहे. लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करून मग नव्या खात्याने लॉगिन करा.

राउटरला लावलेल्या पेनड्राइव्हवर किंवा जुन्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या डब्यावर) विना पासवर्ड जायचं असेल तर मात्र विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती अडवेल. तिच्यात पाहुणा म्हणून शिरणं बंद केलेलं आहे आणि एसएमबी साइनिंग (प्रत्येक संदेशावर खरेपणाची सही) सक्तीचं आहे. सुरक्षा सैल करण्यापेक्षा त्या उपकरणावरच नाव-पासवर्ड लावा. तुमच्या डेस्कटॉपला हा नियम आड येत नाही.

सगळं जुळलं की फायबरच्या डब्यात डेस्कटॉपचा आयपी त्याच्या मॅक अॅड्रेसला बांधून ठेवा, मेनूत ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक डीएचसीपी’ असं नाव असेल. मग लॅपटॉपवर तो फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून मॅप करा. डेस्कटॉपची स्लीपची वेळही वाढवा. झोपलेलं मशीन कुणालाच दिसत नाही.

यातल्या एखाद्या पायरीवर अडलात तर दोन्ही मशीनच्या आयपीकॉन्फिगमधल्या त्या तीन ओळी, पिंगचा शब्दशः मजकूर आणि एररचा पूर्ण आकडा लिहा, म्हणजे नेमकं कुठे अडतंय ते सांगता येईल. पासवर्ड, वायफायचं नाव आणि मॅक अॅड्रेस मात्र टाकू नका, त्यांची गरज पडत नाही.