मोफत, फुकट की मुक्त?

प्रश्न असा आलाय की ‘कला आणि संगीत फ्री असावं का त्यावर कोणाची तरी कमर्शियल मालकी असावी’ यावर लेख लिहायचाय, तर फ्रीला मोफत म्हणू का मुक्त, आणि कॉपीराइटला स्वामित्वहक्क का प्रताधिकार?

आधी फ्री. इंग्रजीत एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेत म्हणून तिकडे दरवेळी खुलासा करत बसावं लागतं, आपल्याकडे दोन शब्द आयते आहेत तर वेगळे वापरा ना! मोफत म्हणजे पैसे पडत नाहीत, मुक्त म्हणजे आडकाठी नाही, घ्या, बदला, पुढे द्या. मुक्तछंदातली कविता म्हणजे पैसे न देता मिळणारी कविता असं कोणी समजत नाही. जाहिराती सोसून ॲपवर ऐकलेलं गाणं मोफत असतं पण मुक्त अजिबात नसतं, ते आपल्या व्हिडिओला लावून बघा, बऱ्याचदा लगेच क्लेम, म्हणजे मालकाचा हक्काचा दावा येतो. उलटही होतं, क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने, म्हणजे ‘माझं काम या अटींवर वापरा’ असं निर्मात्याने आधीच सांगून ठेवायची सोय, २००२ मध्ये आले, त्यात फक्त श्रेय द्या एवढीच अट असलेला एक परवाना आहे, तसलं गाणं कोणी सीडी काढून विकलं तरी चालतं, म्हणजे मुक्त आहे आणि विकतही आहे. त्यामुळे ‘मोफत की मालकीचं’ ही जोडीच मला पटत नाही. मोफतच्या समोर विकत, मुक्तच्या समोर मालकीचं, ही दोन वेगळी भांडणं आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात.

फुकट शक्यतो नको. मेहनत फुकट गेली म्हणजे वाया गेली, तो वास त्या शब्दाला आहेच. (टोमणाच मारायचा असेल तर मात्र फुकट्याइतका चांगला शब्द नाही.) विनामूल्य बरोबर आहे, पण निमंत्रणपत्रिकेतला वाटतो.

मुक्तची एक गंमत आहे, तो शेवटी जोडला की ‘त्यातून सुटलेला’ असा अर्थ होतो, करमुक्त, कर्जमुक्त. म्हणून पब्लिक डोमेनला, म्हणजे ज्यावर कोणाचा कॉपीराइट उरलेला नाही अशा कामाला, प्रताधिकारमुक्त छान बसतं. पण नुसतं ‘मुक्त संगीत’ लिहाल तर वाचणाऱ्याला वाटेल जागच्या जागी सुचेल तसं वाजवलेलं, तिथे मुक्त परवान्यातलं संगीत असं पूर्ण लिहा.

आता कॉपीराइट. दोन्ही शब्द रूढ आहेत, मी प्रताधिकारच्या बाजूचा. समजा तुम्ही चित्र विकत घेतलंत, कॅनव्हास तुमचा, भिंतीवर लावा नाहीतर माळ्यावर टाका, पण त्याची पोस्टरं छापून विकायचा हक्क सहसा चित्रकाराकडेच राहतो, वेगळा करार असेल तरच तुमच्याकडे येतो. इथे स्वामित्वहक्क म्हटलं की स्वामी कोण, घेणारा का काढणारा, असा घोळ होतो, प्रताधिकार, म्हणजे प्रती काढायचा अधिकार, म्हटलं की नेमकं काय राखून ठेवलंय ते कळतं. तसा तो शब्द थोडा अपुरा आहे, कारण जाहीर सादरीकरण, रूपांतर हेही कॉपीराइटमध्ये येतं, पण चालवून घ्या. गाण्याच्या बाबतीत तर शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. जर्मन संगीतकार बेथोवेन १८२७ मध्ये गेला, त्याच्या सिम्फनी केव्हाच प्रताधिकारमुक्त झाल्या, पण एखाद्या वाद्यवृंदाने अलीकडे केलेलं त्यांचं रेकॉर्डिंग तसं नसतं. लेखात ‘जुनं संगीत सगळं फ्री’ असं सरसकट लिहू नका.

श्रेय आणि हक्क हेही एक नव्हे. क्रेडिट दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं बरेच जण धरून चालतात. प्रताधिकार संपलेली रचना स्वतःच्या नावावर खपवली तर ते वाङ्मयचौर्य, पण प्रताधिकाराचा भंग नाही. नव्या गाण्याखाली गायकाचं नाव ठळक देऊन ते वाटलं तर चौर्य नाही, भंग मात्र आहे. आपल्या अभंगांतली नाममुद्रा, ‘तुका म्हणे’ वगैरे, ही निव्वळ श्रेयाची सोय. गायला, उतरवून घ्यायला तिची आडकाठी नाही. लोकांनी आपल्या ओळी त्याच मुद्रेखाली घुसडल्या ती वेगळी कथा, संशोधकांना अजून निस्तरावी लागते.

राहिली रॉयल्टी. स्वामित्वधन हा शब्द आहे, पण तो खनिजांच्या संदर्भातही वापरतात, गाण्यापेक्षा वाळूच डोळ्यासमोर येते. बिदागी आणि मानधन हे एका कार्यक्रमाचे, एका कामाचे पैसे, पुढे गाणं वाजेल तितक्या वेळा मिळणारे नव्हेत, तेव्हा तेही इथे चालणार नाहीत. रॉयल्टी तशीच ठेवा, सगळ्यांना कळते.