दहावीचा वर्ग पुन्हा जोडलेला राहावा आणि सरांची आठवणही जपली जावी, यासाठी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की दहावीचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला, महिनाभर मध्यरात्रीपर्यंत गप्पा रंगल्या आणि आता नुसते सुप्रभातचे फोटो येतात. त्यातच तुमचे सर गेले आणि त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं वाटतंय. आमच्या वर्गाचंही असंच झालं होतं, म्हणून अनुभवाने सांगतो. ग्रुपला काहीतरी काम द्या. कुठलं, ते शोधायला लांब जावं लागत नाही. सर शाळेच्या वेळेबाहेर तुमच्यासाठी काय करायचे ते आठवून बघा.

आम्ही कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी हायस्कूलचे, एसएसएलसी म्हणजे तिथली दहावी, १९९६. सीमाभागातला वर्ग दहावीनंतर पार विखुरतो. मराठी माध्यम तिथेच संपतं. काहीजण बेळगावला पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला गेले, तिथे सायन्स-कॉमर्स इंग्रजीतून. काहीजण नातेवाइकांकडे राहून चंदगड-कोल्हापूरला अकरावीला बसले. कोणी आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत लागले, कोणी चोर्ला घाट उतरून गोव्यात, कोणी मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. एका बाकावर बसलेल्या दोघांची बोर्डं वेगळी, राज्यं वेगळी, पुढे पोरांच्या शाळेच्या भाषाही वेगळ्या.

मुली शोधणं सगळ्यात अवघड गेलं. लग्नानंतर आडनाव बदललेलं, कुणाचं नावही. शेवटी जत्रेनं काम केलं. आमच्याकडे लक्ष्मीची जत्रा कित्येक वर्षांनी एकदा येते, पण आली की गावातली एकूण एक माहेरवाशीण येते. तेव्हा घरोघरी जाऊन नंबर घेतले. तुमच्याही वर्गातल्या मुली राहिल्या असतील तर फेसबुकवर शोधत बसू नका, त्यांच्या आईकडे किंवा वहिनीकडे जा. आमच्यातली एक तर म्हणाली, "मला कोण विचारलंच नाही रे, मी कवाच आलो असतो."

आता सरांबद्दल. आमचे सर कन्नड शिकवायचे. तेव्हा ६२५ गुणांची परीक्षा, त्यात मराठी १२५ची आणि कन्नड तिसरी भाषा म्हणून शंभराची. पोरं कन्नडला घाबरायची. घरात मराठी, शेतात मराठी, कानावर कन्नड पडायचं ते फक्त तालुक्याला गेल्यावर. शिवाय १ नोव्हेंबर आला की एकीकडे कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव आणि एकीकडे सीमाभागातल्या मराठी माणसांचा निषेधाचा काळा दिन, त्या वातावरणात कन्नडच्या मास्तरांकडे गाव कसं बघत असेल, कल्पना करा. सर धारवाडकडचे. गावात खोली घेऊन राहिले आणि वर्षभरात आमच्या आज्यांशी आमच्या मराठीत बोलायला लागले.

त्यांची पद्धत अशी. फळ्यावर डावीकडे आपला क, उजवीकडे कन्नडमधला क. मग खाली ओळीने पुढची अक्षरं. "क्रम तोच, नुसता अंगरखा वेगळा," म्हणायचे. चार-सहा ओळी झाल्या की वर्ग उठवून स्टँडवर न्यायचे. बस आली की तिची कन्नड पाटी वाचायची, ज्याला आधी गावाचं नाव लागेल त्याने मोठ्याने सांगायचं. पुढे प्रत्येकाला घरातला जमिनीचा उतारा आणायला लावला. उतारा कन्नडमधून, हाताने लिहिलेला, आणि घरातल्या कुणालाच वाचता येत नव्हता. माझ्या वडिलांचं नाव आणि सर्व्हे नंबर मी पहिल्यांदा त्या वर्गात स्वतः वाचला. संध्याकाळी घरी वाचून दाखवला तेव्हा वडिलांनी तो परत परत वाचायला लावला. वडिलांना तलाठ्याच्या चावडीत पुन्हा कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही. ह्या एका गोष्टीसाठी मी सरांचा जन्मभर ऋणी आहे.

रोपलावणीच्या दिवसांत निम्मा वर्ग रिकामा असायचा. सर पावसात बांधावर येऊन उभे राहायचे, रागवायचे नाहीत, फक्त विचारायचे, "सोमवारी येणार की नाही?" सोमवारी आम्ही जायचो.

सर गेल्यावर ग्रुपवर पहिली सूचना आली ती शाळेत फोटो लावायची आणि नावाचं बक्षीस ठेवायची. त्यात वाईट काही नाही. पण बक्षीस पहिल्या नंबराला मिळतं, आणि सर आयुष्यभर शेवटच्या बाकासाठी झटले. म्हणून आम्ही जानेवारीपासून परीक्षेपर्यंत रविवारी दहावीच्या पोरांचे कन्नड आणि गणिताचे तास सुरू केले. जो बेळगावात आहे तो शिकवायला जातो, गोव्यातले पैसे देतात, बायका पोरांच्या आयांशी बोलतात, कारण गैरहजेरीचं खरं कारण आयांनाच माहीत असतं. आणखी एक काम आपोआप अंगावर आलं. महाराष्ट्रात इंजिनिअरिंग-मेडिकलच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद आहे, आणि आमच्या खेड्यापाड्यात हे कितीतरी घरांना ठाऊकच नसतं. कोल्हापूरला शिकलेले आमचे मित्र आता त्या कागदपत्रांचं बघतात.

तेव्हापासून ग्रुप जिवंत आहे. कोण जाणार, खडू संपले, अमक्याची मुलगी दोन रविवार आली नाही, असे निरोप असतात, आणि त्यातूनच एकमेकांच्या घरचं सुखदुःखही कळतं.

बाकी थोडक्यात. सीमाप्रश्नावर आमची मतं तीव्र आहेत, माझीही आहेत, पण ह्या ग्रुपवर राजकारण नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा. पैसे एकाच्या खात्यात ठेवू नका, दोघांच्या सहीचं खातं काढा आणि हिशेब दर महिन्याला टाका. गेट-टुगेदर दिवाळीत ठेवू नका, मुली येऊ शकत नाहीत. गणपतीनंतरचा रविवार किंवा मे महिना बरा. आमच्या पश्चिम भागात जून ते ऑगस्ट विचारही करू नका, जांबोटी-कणकुंबीच्या पावसात माणसं पोचत नाहीत.

आणि हे सगळं ठरवायच्या आधी चार-पाचजण मिळून सरांच्या घरी जाऊन या. हारतुरे नकोत. त्यांच्या पत्नीला विचारा, सरांना शाळेसाठी काय करायचं राहून गेलं असं वाटायचं का. आम्ही धारवाडला गेलो तेव्हा काकूंनी सरांच्या जुन्या हजेरीच्या वह्या दाखवल्या. कोण कधी आलं नाही आणि का, हे कन्नडमधून समासात लिहिलेलं. रविवारच्या तासांची कल्पना आम्हाला तिथेच सुचली.